गाळलेली ओळ

प्रिय राणीसरकार,

हे नाव तुला माझ्या लेकानं दिलेलं. मी सात वर्षांत तुला हाक मारली ती 'अगं' नाहीतर 'ऐकलंस का' अशीच. आज सासूबाई एकदम लाडात कशा आल्या म्हणून दचकू नकोस. तुझी एक वस्तू माझ्याकडे राहिली आहे. ती परत करायला सोमवारपर्यंतच वेळ आहे, म्हणून लिहिते आहे. लिहिते म्हणजे बोलते आहे, त्याच्याच संगणकापुढे बसून.

तो संगणक मी देऊन टाकते आहे. अपंगांच्या केंद्रातले दुरुस्तीवाले गृहस्थ सोमवारी येतील, आतलं सगळं पुसतील आणि एका शिक्षिकेला नेऊन देतील. तिचेही हात चालत नाहीत. तो गेल्यावर त्याचा पलंग गेला, चाकाची खुर्ची गेली, तेव्हा मी धड होते. आता मात्र या टेबलाभोवती सारखी घिरट्या घालते आहे.

बोललेलं लिहून घेणारा तो संगणक तूच आणलास. परांचीवरून पडून त्याला आठ महिने झाले होते. मानेखालचं सगळं गेलेलं, आणि घरांचे नकाशे काढणारा माझा लेक दिवसभर छताकडे बघत पडून असायचा. यंत्राला काय डोंबल कळणार माणसाचं बोलणं, नसती थेरं, असं मी म्हटलं होतं. तू मात्र रोज संध्याकाळी त्याच्याकडून पानंच्या पानं मोठ्यानं वाचून घेतलीस, त्याचा आवाज त्या यंत्राच्या अंगवळणी पाडलास. पहिल्यांदा नीट उमटलं ते 'आई, चहा.' मी समोर उभी होते गं, तरी लबाडानं लिहून मागितला! तू हसता हसता रडलीस. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मग त्याच्या कचेरीनं त्याला पुन्हा काम दिलं. बांधकामाचे तपशील तो बोलून लिहायचा आणि मला तोंड बंद ठेवायची सक्त ताकीद असायची. माझ्या तोंडाला कुलूप म्हणजे काय, तुला ठाऊकच आहे. वरच्या मजल्यावरून ठिबकणाऱ्या कपड्यांवरून मी शेजारणीला झापलं ते सगळं एकदा कचेरीच्या पत्रात गेलं. साहेबांनी उलट कळवलं, की शेजारणीची बाजूही ऐकायला हवी. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

पुढे तुला लांबच्या शहरात नोकरी लागली. जा म्हणून त्यानंच तुझ्यामागे लकडा लावला होता, हे मला माहीत होतं. तरी चारचौघांत मी म्हणत राहिले, की सून टाकून गेली. जातेस तर मागे वळून बघू नकोस, असं दारात तुला मीच म्हणाले. तो आतल्या खोलीत होता, त्याला ते कधी कळलं नाही. तू त्याला सांगितलं नाहीस, हेही मी विसरलेले नाही.

मग गेल्या हिवाळ्यात त्याची छाती भरली आणि आवाज पार बसला. त्याची कुजबुज यंत्राला कळेना, फोनवर तुलाही ऐकू जाईना. तू मला विचारायचीस आणि मी 'बरा आहे' म्हणून फोन ठेवायचे. बरा नव्हता. यंत्राचा माइक मग मी माझ्या डोक्याला लावला. तो पुटपुटायचा, मी खणखणीत म्हणायचे, अक्षरं उमटायची. एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते मी. लाइन खराब असली की एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगायचं, आणि तेही जसंच्या तसं. कुणाच्या शिव्या असोत, कुणी गेल्याची बातमी असो, पदरचा एक शब्द घालायचा नाही, एक गाळायचा नाही. या गोष्टीचा मला केवढा ताठा होता!

तुला आलेलं त्याचं शेवटचं पत्र असंच तीन दुपारी लिहिलं. त्याच्या शेवटी 'तब्येतीला जप' असं आहे ना? ते त्याचं नाही, माझं आहे. तो वेगळंच म्हणाला होता. दमून तेवढ्यात त्याचा डोळा लागला होता. मी ते बोलले नाही, माझं बोलले, आणि 'पाठवा' म्हणाले. का, ते सांगते. तू आली असतीस तर तो तुझा झाला असता. उरलेसुरले दिवस मला माझे हवे होते. त्यानंतर तो अकरा दिवस होता. दारावरची घंटा वाजली की मान वळत नसे, तरी डोळे वळायचे. उत्तर आलं का, एवढंच विचारायचा. मी नाही म्हणायचे.

परवा ते दुरुस्तीवाले संगणक तपासत होते. चुका सुधारता याव्यात म्हणून हे यंत्र बोललेलं ऐकून साठवतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मला बरं वाटेल म्हणून त्यांनी शेवटचं पत्र लावलं. सोमवारी ते पुसलं गेलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. मी त्यांना ते पेन ड्राइव्हवर घालून द्यायला लावलं. तो पेन ड्राइव्ह या पत्राच्या लखोट्यात आहे. कान देऊन ऐक, आवाज फार बारीक आहे. 'राणीसरकार, मला तुला बघायचंय. जमेल तेवढ्या लवकर ये.' मग त्याचा झोपेतला श्वास. मग माझा आवाज, अगदी स्वच्छ. मग जागा होऊन तो विचारतो, 'लिहिलंस?' आणि मी म्हणते, 'लिहिलं.' माफी मागायला मला तोंड नाही. पण तो गेल्यावर तू हातातली बॅग खालीही न ठेवता मला विचारलंस, त्यानं मला एकदाही बोलावलं नाही का, आणि मी गप्प बसले. बोलावलं होतं गं. बोलावलं होतं.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क घालवलेली,
त्याची आई