उन्नो नव्हे, तोबे

४ नोव्हेंबर, मंगळवार

पाचवे! बेसबॉलच्या सहा संघांत आमचे बगळे पाचवे. आणि मॅनेजर पेपरात सांगतो, पोरं अजून शिकताहेत. किती शिकणार? मी नववीनंतर शाळा सोडली आणि सहा महिन्यांत मासे तळायला शिकले. शिकायला काही वर्षं लागत नाहीत.

हंगाम संपला. आता मार्चपर्यंत दुकानात नुसती तोंडं चालणार. म्हणून तांदूळवाल्याने दिलेली ही वही काढली. दुपारी तीन ते पाच दुकान बंद असतं, तेव्हा लिहीन. दाखवणार कुणाला नाही. पण मी काय म्हणाले होते ते मला तरी माहीत राहील. जिन्नाई म्हातारा सगळं उलटं आठवतो. चाळीस वर्षं टॅक्सी चालवून शिमिझुतला एक रस्ता विसरला नाही, पण मी केलेलं भाकीत खरं ठरलं की लगेच ते त्याचं होतं.

तर, आमच्या बगळ्यांना काय हवं? डावखुरा पिचर हवा. आहेत ते सगळे उजवे, सहाव्या डावापर्यंत समोरच्यांना पाठ होतात. तिसऱ्या बेसवर माणूस हवा, सध्या तिथे भोक आहे. तो परदेशी फटकेवाला घरी पाठवा, वळणारा बॉल आला की माशी हाकलल्यासारखी बॅट फिरवतो. कॅचर तोबे अडतीसचा झाला, गुडघे वाजतात. पण तो मागे बसला नाही तर आपले पिचर रडायला लागतात. तोबे राहायला हवा.

आणि आउटफील्डर कमी करा. जागा तीन, माणसं सात. उन्नो समोरच जेवत होता, त्याला तोंडावर सांगितलं. म्हणाला, "काकू, सातवा मीच ना?"

"मग काय मी?"

हसला आणि भात मागितला. माझ्या लेकीने, चिझुने, वाडगा डोंगरासारखा भरून दिला. आमच्या तांदळाची तिला कधी काळजीच नसते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काशिवाबारा मोकळा झाला! मोरिओकाच्या लांडगे संघाचा डावखुरा. चौदा सामने जिंकून दिलेत यंदा. नऊ वर्षं एका क्लबात काढली की खेळाडूला हक्क मिळतो, मी मोकळा आहे असं जाहीर करायचं आणि हव्या त्या संघात जायचं. त्याने आज केलं. त्याची बायको इकडची आहे म्हणे. मग येईना का इकडे!

जिन्नाई लगेच तोंड वाकडं करून म्हणाला, "मालकीणबाई, फुकट मिळत नाही तो. लांडगे आपला एक माणूस नेतील."

मला माहीत आहे. आपण अठ्ठावीस नावं झाकून ठेवायची. उरलेल्यांतला कुणीही एक ते उचलणार. माणसाने भरपाई म्हणतात याला. न्या की एक. अठ्ठावीस झाकल्यावर उरतं काय? भुसा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दुपारी तिकिटावरून भांडण. जिन्नाईचा मेव्हणा म्हणतो, पुढच्या वर्षी उजव्या स्टँडात जागा मिळाली नाही तर डावीकडे बसू, काय फरक पडतो. डावीकडे पाहुण्या संघाचे लोक बसतात! मी बावीस वर्षं उजवीकडे बसते, त्यातली शेवटची चौदा नवऱ्याच्या माघारी. एकदाही डावीकडचा जिना चढलेले नाही. मेव्हण्याला सांगितलं, डावीकडे बसलास तर या दुकानात रश्शातलं ओदेन मिळणार नाही. त्याला वाटलं गंमत. विचार म्हणावं जिन्नाईला.

उन्नो आज आला नाही. दुकानामागच्या मैदानावर बगळ्यांच्या राखीव संघाचा सराव चालू आहे, पावसातसुद्धा.

१ डिसेंबर, सोमवार

आला! काशिवाबारा बगळ्यांत आला! सही झाली. दुकानात सगळ्यांना मुळ्याचं लोणचं माझ्याकडून.

उन्नोने पण टाळ्या वाजवल्या.

३ डिसेंबर, बुधवार

इथल्या क्रीडा पेपराने वाचकांना विचारलंय, तुम्ही असता तर कुठली अठ्ठावीस नावं झाकली असती? निवडक याद्या छापणार आहेत. मी पाठवणार नाही तर कोण?

मला खेळाडूंची नावं कांजी चित्रलिपीत लिहिता येत नाहीत. अर्धी तर वाचताही येत नाहीत, तोंडाने येतात. म्हणून मी सांगत गेले आणि चिझुने पोस्टकार्डावर लिहिलं. अक्षर तिचं छान आहे, छापल्यासारखं. पिचर तेरा. मग बेसवरची माणसं. मग आउटफील्डर चार.

चिझुने विचारलं, "आणि उन्नो?"

"उन्नो कशाला?"

"बंट त्याच्यासारखा कुणी करत नाही, तूच म्हणतेस."

खरं आहे. बॅट नुसती पुढे धरायची, बॉल पायाशी मेल्यासारखा पाडायचा, आपण बाद व्हायचं आणि आपला गडी एक बेस पुढे सरकवायचा. अकरा वर्षं हेच करतोय तो. अठराव्या वर्षी कागोशिमाहून आला तेव्हा पहिल्या दिवशी माझ्याकडे चार वाडगे भात खाल्ला होता. पण स्वतः बाद होण्यासाठी कुणी माणूस झाकून ठेवतो का? म्हटलं, "त्याला कोण नेतंय? अठ्ठाविसावा तोबे लिही."

बराच वेळ पेन उचलून बसली. मला मासे उलटायचे होते. म्हटलं, लिही गं, कार्डाला मुहूर्त लागतो का.

लिहिलं तिने.

९ डिसेंबर, मंगळवार

माझी यादी छापून आली! माझं नाव, दुकानाचं नाव. आणि गाढवांनी चूक केली. अठ्ठाविसाव्या नावाच्या जागी तोबे नाही, उन्नो! जिन्नाईने मोठ्याने वाचलं, सगळं दुकान हसलं. "हात्सुएबाई, कॅचरला हाकललंत? बॉल कोण पकडणार, तुम्ही? कढईत?"

मी पेपरात फोन केला. एक पोरगा म्हणतो, आम्ही जसं आलं तसं छापलं. म्हटलं, मी बावीस वर्षं मॅच बघते, मला शिकवू नकोस. दुरुस्ती छाप, नाहीतर मी तिकडे येते. छापतो म्हणाला.

चिझुला सांगितलं तर ती भांडी घासत होती. एवढंच म्हणाली, "राहू दे ना आई. एक नाव तर आहे."

राहू दे कसं?

११ डिसेंबर, गुरुवार

छापली. छोटी चौकट. 'वाचक हात्सुए यांच्या यादीत अठ्ठाविसावे नाव उन्नो नव्हे, तोबे असे वाचावे.'

मी कापून भिंतीवर लावली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

उन्नो जेवायला आला. भिंतीवरचं वाचलं. लावताना माझ्या डोक्यात आलंच नाही की तो रोज त्याच भिंतीसमोर बसतो.

म्हणाला, "बरोबर आहे, काकू. तोबेच हवा." बांगडा संपवला. ताट नेहमीसारखं स्वतः आत नेऊन ठेवलं. भात मागितला नाही.

तो गेल्यावर मी चौकट काढली. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंग निघाला.

चिझु बोलत नाही. सकाळपासून 'हो' आणि 'नाही'.

१९ डिसेंबर, शुक्रवार

अजून 'हो' आणि 'नाही'.

२४ डिसेंबर, बुधवार

पेपराच्या त्या पोराने माझं कार्डच परत पाठवलं. सोबत चिठ्ठी, चूक आमची नव्हती, आपण खात्री करून घ्यावी. वा रे वा.

चष्मा लावून बघितलं. तोबेचं नाव मला ओळखता येतं, जर्सीवर बघून बघून. कार्डावर ते नाही. शेवटी दोन अक्षरं. पहिलं समुद्र. दुसरं माळ. उन्नो. सगळ्या यादीत तेवढंच नाव किंचित जाड आहे, पेन दाबून लिहिलेलं.

चिझु बटाटे सोलत होती. कार्ड तिच्यासमोर ठेवलं.

"तू लिहिलंस?"

"हो."

"मी तोबे सांगितलं होतं."

"ऐकलं होतं मी." बटाटा पूर्ण सोलला, पाण्यात टाकला. "कुठल्या तरी एका यादीत तो असायला हवा होता, आई."

मी किती आंधळी! डोंगरासारखा भात. पावसात सराव असला की मागच्या दाराला हिची छत्री नाही. कागोशिमाचं रताळं कोण आणतं या घरात दरवर्षी? मी समजत होते गिऱ्हाइकाने दिलं.

दिलं गिऱ्हाइकानेच.

२८ डिसेंबर, रविवार

जिन्नाईला एवढंच विचारलं की क्लबवाले पेपर वाचतात का. तो हसून हसून खोकला. "तुमची यादी बघून क्लब ठरवतो होय? मग त्या परदेश्याला आधी का नाही हाकललंत?"

मलाही कळतं तसं नसतं ते. तरी पण.

आता यादीचा विचार करते तेव्हा मला वेगळं दिसतं. तिसऱ्या बेसचं ते भोक झाकून ठेवायचं आणि एक बरा माणूस उघडा ठेवायचा, हे मी कुठल्या अकलेने केलं? माणूस जिंकून देत नसेल, पण अकरा वर्षं रोज ताट स्वतः उचलतो. असा एक तरी संघात लागतो. हे मी नोव्हेंबरात लिहायला हवं होतं.

१४ जानेवारी, बुधवार

उन्नो.

दुपारच्या बातम्यांत सांगितलं. लांडग्यांनी भरपाई म्हणून आउटफील्डर उन्नोला निवडलं. टीव्ही दुकानात चालूच होता. जिन्नाईने उठून आवाज कमी केला.

मोरिओका. बर्फ गुडघाभर असतो तिथे. त्या कागोशिमाच्या पोराला!

१६ जानेवारी, शुक्रवार

सूट घालून आला. दुकानात सूट घातलेला उन्नो कधी बघितला नव्हता. खांदे मावत नव्हते. मी बांगड्यांची मोठी बशी ठेवली. म्हटलं, "तिकडे मासे बरे नसतात."

"काकू, एक सांगू? त्यांचा मॅनेजर काल भेटला. म्हणाला, यादीत चाळीस नावं उघडी होती, पण आम्ही दुसरं नाव वाचलंच नाही." कान लाल झाले होते त्याचे. "मला आजवर कुणी पहिलं निवडलेलं नाही. शाळेतसुद्धा नाही."

मी भुसा म्हणाले होते. या वहीत आहे ते. खोडणार नाही, राहू दे तिथेच.

म्हटलं, "बंट करताना डावा खांदा आधी पडतो तुझा. मी पाच वर्षं वरून बघतेय. पिचरला कळतं."

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगत होते की. एवढ्या लांबून ऐकू येतं का तुला?"

भात मागितला. तीन वेळा.

१९ जानेवारी, सोमवार

दुकान बंद करून बसले होते, चिझु समोर येऊन बसली. गुडघ्यांवर बसली, पाहुण्यासारखी. मला तेव्हाच कळलं.

"आई, मला या दुकानात यंदा नऊ वर्षं पूर्ण झाली. मी मोकळी झाल्याचं जाहीर करते."

पाठ करून आली होती. मला हसूही आलं आणि रागही. म्हटलं, "कुठला संघ?"

"तुला माहीत आहे."

"तिथे बर्फ असतो."

"हो."

"मला भरपाई काय?"

"तू माग. काय मागशील ते."

म्हटलं, उद्या सांगते, आणि उठून कढई घासली. ती आधीच घासलेली होती.

२५ जानेवारी, रविवार

आज सकाळच्या गाडीने गेली. माझी मासे कापायची सुरी दिली, नवऱ्याने घेतलेली. नको म्हणाली, मी पिशवीत कोंबली.

प्लॅटफॉर्मवर भरपाई सांगितली. म्हटलं, लांडगे इथे खेळायला येतील तेव्हा मॅच माझ्याशेजारी बसून बघायची. दरवेळी. एवढंच.

म्हणाली, "आई, मी आता डावीकडे बसणार."

गाडी आली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

नवी पोरगी ठेवलीय हाताखाली. भात बेताने वाढते. काशिवाबाराचा खांदा दुखतोय म्हणे. मला कुणी विचारू नये.

४ एप्रिल, शनिवार

लांडगे आले. मी चिझुच्या शेजारी बसले. तिकडून आपला उजवा स्टँड पहिल्यांदाच समोरून दिसला. जिन्नाईने माझी जागा धरली होती, वर आपला मफलर टाकून. नववा डाव संपेपर्यंत त्याने तो उचलला नाही.