शिवू नका

कार्तिक शु. ३, शके १८३०. देवास

आजही आंघोळ नाही! दसऱ्यापासून नाही. मोलकरीण जमुनाबाईने कढत पाण्याचं घंगाळ भरून 'या' म्हणून हाक मारली — "भिया, पाणी तातो हे, आई जाव!" — तर हे माजघराच्या कोपऱ्यात. हात धरायला गेले तर किंचाळले. कानात बोलणारे ते लोक सांगतात म्हणे, जो शिवेल तो जीव काढून नेईल. माझ्याही हाताला भितात. माझ्या!

धारहून यांच्या थोरल्या बंधूंचा, तात्याभावजींचा, निरोप — एकादशीला येतो. चिंतामणी असाच असला तर वेड्यांच्या इस्पितळात पोचवतो.

मी नाही पाठवायची. पण माझं ऐकतो कोण?

शु. ५

मी देवाला नवस बोलले. मग देवावरच रागावले.

शु. ६

मी सोवळ्यात स्वयंपाक करत होते. जमुनाबाई जवळून गेली तशी ओरडले, "शिवू नकोस गं!" बिचारी चार हात लांब. हे दारातून बघत होते.

"तुला कोणीच शिवत नाही?"

"सोवळ्यात आहे. कोणाची बिशाद!"

"आणि मला?"

"आंघोळ करून रेशमी मुकटा नेसा. मग बघते कोण शिवतं ते!"

गेले! आपल्या पायांनी गेले! दोनच तांबे घेतले, कान कोरडेच. पण मी काही बोलते होय!

शु. ९

रोज आंघोळ, मुकटा, मग देवासाठी गंध उगाळणं. इतकं उगाळतात की बाळकृष्ण पार माखून जातो. वाढल्या नखांचं गंध देवाला चालत नाही, असं ठोकून दिलं — नखंही काढली! किती गोड दिसतात मुकट्यात.

ते लोक बोलतातच. पण मुकट्याजवळ येत नाहीत म्हणे.

शु. ११

भावजी आले. टांगा दारात उभाच ठेवला. तडक देवघरात जाऊन यांचं मनगट धरायला वाकले.

हे शांतपणे म्हणाले, "शिवू नका, तात्या. सोवळ्यात आहे."

भावजी प्रवासातून आलेले, पारोसे. आणि सोवळ्याचे एवढे कडक! हात मागे घेतला. आधी स्वतः आंघोळ केली, मग दोघे भाऊ फराळाला बसले. निघताना म्हणाले, "उमा, राहू दे याला इथेच."

टांग्यात एकटेच बसले. मी मोरीत जाऊन मनसोक्त रडले.

शु. १४

काल मला थंडी वाजून ताप भरला. आंघोळ नाही, काही नाही, डोळे मिटून पडले होते. कपाळावर गार हात. गंधाने ओला.

"अहो, मी पारोशी! सोवळं मोडलं तुमचं!"

"मोडू दे," म्हणाले. हात काढला नाही.