पूर्ण नोंद

प्रिय ओडेट,

आधी माझा संताप ऐकून घे, मग बाकीचं. घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांना चर्चतर्फे जेवण पोचवायचं काम मी नऊ वर्षं करते आहे. आता तिथे ब्रियाना नावाची नवी व्यवस्थापक आली आहे, वय सव्वीस. तिचा हुकूम असा, की गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने वाहन कार्यालयातून आपल्या ड्रायव्हिंगची अधिकृत नोंद आणायची. शुक्रवारपर्यंत आणली नाही तर काम बंद. मी म्हटलं, पोरी, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी बर्फात गाडी चालवते. ती शांतपणे म्हणाली, "म्हणूनच तर मागते आहे, बाई." उत्तर चोख होतं, म्हणून जास्त झोंबलं.

वाहन कार्यालयात खिडकीतल्या माणसाने विचारलं, तीन वर्षांची नोंद देऊ की पूर्ण? ब्रियानाला तीन वर्षांची पुरत होती. पण मला तिची जिरवायची होती, आणि अर्धी कबुली म्हणजे खोटंच, हे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर युलालीने आपल्या डोक्यात ठोकून बसवलेलं. मी पूर्ण मागितली. सगळ्या आयुष्यात एक दंड नाही, एक अपघात नाही. असा कागद क्वचितच बघायला मिळतो, म्हणाला तो. मी ताठ मानेने गाडीत येऊन बसले, आणि मला किल्ली फिरवता येईना.

त्या कागदावर एक ओळ असायला हवी होती. एकोणीसशे त्र्याहत्तरचा मार्च, गिरणीजवळचा उतार. बाबांची गाडी मी चालवत होते, तू शेजारी संत्रं सोलत होतीस. गाडी बर्फावरून घसरली आणि गान्यों म्हाताऱ्याचा पाय मोडला. पोलीस यायच्या आत तू मला पलीकडे सरकवलंस आणि स्वतः स्टिअरिंगपाशी बसलीस. पंधरा दिवसांनी मी सिस्टरांच्या शाळेत शिकवायला लागणार होते. "तू मास्तरीण हो," म्हणालीस, "माझं काय अडलंय?"

अडलंच होतं. तुला गाडीने खेड्यांतून टपाल वाटायचं काम हवं होतं. टपालवाल्यांनी तुझी नोंद मागवली, त्यात तो अपघात निघाला, आणि तू बुटांच्या कारखान्यात गेलीस, एकतीस वर्षं. तुझ्या निवृत्तीच्या जेवणात मी तुझ्या चिकाटीवर भाषणही ठोकलं. तू टाळ्या वाजवल्यास.

ब्रियानाला मी कागद दिला आणि त्यात काय नाही तेही सांगितलं. तिने कागद फाइलला लावला. मग म्हणाली, काम चालू ठेवा, पण हे मला का सांगता, बहिणीला सांगा. सव्वीस वर्षांची पोर मला शिकवते, आणि बरोबर शिकवते.

म्हणून हे पत्र. दुसऱ्याची नोंद मागवायला त्याची सही लागते. तुझ्या नावाचा अर्ज भरून सोबत ठेवला आहे, आणि गाडी मी चालवत होते असं नोटरीसमोर केलेलं माझं शपथपत्रही. इतक्या वर्षांनी कार्यालयवाले तुझ्या नोंदीत काही बदलतील का, खिडकीतल्या माणसाला सांगता आलं नाही. सही कर किंवा फाडून टाक. पण ओडेट, एकदा तरी मला रागाव. तू कधीच रागावली नाहीस, तेच मला सोसत नाही.

तुझीच थोरली,
लुसियेन