दारात स्वतःची गाडी असताना

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
उद्याच्या पूजेसाठी गाडी धुतली. नुसती वरवर नव्हे. शेजारच्या अंगदचा फवारणीचा पंप आणला, बॉनेट उघडलं आणि इंजिनाच्या कानाकोपऱ्यात फवारा मारला. अंगद कुंपणावरून ओरडला की सर, आत पानी नका मारू, वायरिंग हाय. त्याला सांगितलं, बाबा रे, राहुरीत उभी हयात विज्ञान शिकवण्यात गेली माझी. इंजिन लख्ख झालं.

२ ऑक्टोबर, दसरा
हार, हळदकुंकू, नारळ. गाडी चालू होईना. खूप वेळाने झाली. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागून राहिला आहे. कंपन्या हल्ली हलका माल वापरतात.
भार्गवी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. तारीख महिनाअखेरची, हॉस्पिटल नगरला. संकल्प: लेकीला मी स्वतः नेणार आणि बाळाला मीच घरी आणणार. जावई शौनकने फोनवर विचारलं की भाड्याची गाडी सांगून ठेवू का. दारात स्वतःची गाडी असताना! हसून सोडून दिलं. हसलो नाही, पण सोडून दिलं.

६ ऑक्टोबर
भाजी आणायला गेलो आणि भर चौकात गाडी बंद पडली. आपोआप. स्टिअरिंग दगडासारखं जड. मागे कांद्याचा ट्रक. थांबला, पण अगदी टेकून. ड्रायव्हर माझ्या घराण्याविषयी बरंच बोलला, त्यातली बरीच माहिती चुकीची होती.
पुन्हा किल्ली फिरवली तर लगेच चालू. म्हणजे दोष किरकोळ आहे. घरी सांगितलं नाही. दिवस भरत आलेल्या मुलीला उगाच घोर नको.

८ ऑक्टोबर
बिभीषण मेकॅनिककडे गेलो. म्हणाला, ईसीएम गेलाय. म्हणजे गाडीचा मेंदू. पेट्रोल किती, ठिणगी कधी, सगळं तोच ठरवतो. त्यात पाणी शिरून पिना हिरव्या पडल्यात. पाणी कसं शिरलं, असं त्याने विचारलं. यंदा पाऊस फार झाला, असं मी म्हणालो.
नवा ईसीएम दिवाळीनंतर येईल, तोवर गाडी हलवू नका, म्हणे. नातवंड काय दिवाळी संपायची वाट बघणार आहे?

११ ऑक्टोबर
मार्ग निघाला. नगरला एका भंगारवाल्याकडे आपल्याच मॉडेलची गाडी होती. तिचा ईसीएम जुळणाऱ्या किल्लीसकट मिळाला. त्या गाडीचा पुढचा भाग असा उरलाच नव्हता. मागच्या सीटवर बाळाच्या झबल्यांची पिशवी होती. भंगारवाला म्हणाला की कॉम्प्युटर चांगला हाय, बाकीचं इचारू नका. नाही विचारलं. दुसऱ्याच्या दुःखात आपण कशाला नाक खुपसायचं?
बिभीषणने बसवायला साफ नकार दिला. म्हणाला, तपासल्याबिगर मी हात लावनार न्हाई, तुमची पोरगी बसनार हाय त्यात. मेकॅनिक होऊनसुद्धा माणूस इतका अंधश्रद्धाळू!

१२ ऑक्टोबर, रविवार
व्हिडिओ पाहून स्वतः बसवला. बॅटरीची तार काढली, स्क्रू काढले, सॉकेट या ईसीएमला जोडले. पहिल्याच किल्लीला गाडी चालू. पिवळा दिवा गायब! एक स्क्रू उरला, तो कंपनीने जास्तीचा दिलेला असणार.
सौ. नीलांबरीने विचारलं, अहो, हे कुणाच्या गाडीतलं? एका कुटुंबाच्या, असं सांगितलं. ते खरंच आहे.

१५ ऑक्टोबर
दुपारी गाडी अंगणात बंद उभी, किल्ली माझ्या खिशात आणि रेडिएटरचा पंखा आपला आपण फिरू लागला. नीलांबरी तुळशीपाशी थबकली. म्हणाली, बाई गं, ही धापा का टाकतेय? मी शास्त्रीय कारण सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात पंखा थांबला. भार्गवी पोटावर हात ठेवून खिडकीतून बघत होती.
मायलेकी आता औषधाच्या दुकानातही चालत जातात. या दिवसांत व्यायाम चांगलाच.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
चाचणी म्हणून एकटाच नगरच्या रस्त्याला गेलो. मुळेच्या पुलाच्या अलीकडे वेगाचा काटा एकदम शून्यावर आला. गाडी मात्र पळत होती. मग इंजिन गेलं. समोरून कंटेनर. कसाबसा कडेला आलो. बराच वेळ तिथेच बसून राहिलो. सकाळपासून चहा झाला नव्हता.
त्या भंगारातल्या गाडीबद्दल एक विचार मनात आला. चकल्या यंदा खुसखुशीत झाल्या आहेत.
तसं पाहिलं तर जाऊन-येऊन एकदाच बंद पडली. भार्गवीच्या वेळेला पडायची ती आताच पडून झाली.

२२ ऑक्टोबर, पाडवा
सकाळीच भार्गवीला कळा सुरू झाल्या. मी तयार होतो! गाडी काढली, एका झटक्यात चालू. नीलांबरी म्हणाली, तुम्ही बसा गाडीत, आम्ही आलोच. बसलो. एसी लावला. हॉर्न दिला. पुन्हा दिला. शेवटी आत गेलो तर घर रिकामं, मागचं दार उघडं.
अंगदची बायको ज्योती सांगत आली की सर, आमचे कवाच जीपमधनं घेऊन गेले त्यांना. काकूंनी दसऱ्यालाच सांगून ठिवलं हुतं.
दसऱ्यालाच.
मागोमाग निघालो, तर गाडी गल्लीच्या तोंडाशीच बंद. एसटीने गेलो. नात झाली आहे. दोघी सुखरूप. देवा, फार घाबरलो होतो रे. एसटी वेळेवर नसते म्हणून.

२६ ऑक्टोबर
आज डिस्चार्ज. फुगे लावून गाडी घेऊन गेलो. पाळणा बांधून झालाय, डिंकाचे लाडू केलेत, सगळं बोललो. शौनक खाली बघत राहिला. भार्गवी म्हणाली, बाबा, आम्ही तिकडच्या घरी जातोय. बारसंही तिकडेच करू.
मी म्हणालो, अगं, बाळंतीण माहेरी राहते. गाडीची भीती वाटत असेल तर उद्याच विकतो.
ती म्हणाली, गाडीची नाही वाटत, बाबा. तुमची वाटते.
मी बाळाला घ्यायला हात पुढे केले. तिने दुपटं जवळ ओढून घेतलं. बाळंतपणात चिडचिड होतेच, मी मनावर घेतलं नाही. नीलांबरीही त्यांच्याबरोबर गेली, लेकीजवळ कुणीतरी हवंच.
एकटाच राहुरीला परत आलो. गाडी सबंध रस्ताभर एकदाही बंद पडली नाही. हे सांगायला फोन केला. आधी नीलांबरीला, मग भार्गवीला, मग शौनकला. कुणी उचलला नाही.