तपासणीच्या आदल्या दिवसांचे थेंब

शॉमबर्ग, इलिनॉय
रविवार, ईमेलने

तीर्थस्वरूप नंदूमामा,

हिमानीचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. आठवडाभर माजी सैनिकांच्या डोळ्यांत वाकून बघून कंबर अशी धरली आहे की खाली गेले तर उठवायला कोणीतरी लागेल.) तुमची तब्येत, मामीचा गुडघा आणि परसातला कढीपत्ता यांची खुशाली कळवावी. माझी मी कळवतेच आहे, आणि ती वाचून तुम्हाला बरं वाटणार नाही.

पहिलं म्हणजे मी तुमच्यावर रागावले आहे. तुमच्या अबोलीच्या साखरपुड्यात तुम्ही व्याह्यांना सांगितलंत म्हणे, "आमची भाची अमेरिकेत चष्म्याच्या दुकानात असते." मामा, मी ऑप्टोमेट्रीची डॉक्टर झाले, आणि त्यावर आता माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात वर्षभराची रेसिडेन्सी करते आहे, ती फक्त डोळ्यांच्या आजारांची. इथे मी आजतागायत एकही फ्रेम विकलेली नाही. उद्या मी तुमच्याबद्दल 'मामा बल्ब विकायचे' असं सांगितलं तर चालेल? भर वादळात खांबावर चढणाऱ्या वीज मंडळाच्या लाइनमनला? आधीच इथे मी जे जे तपासते ते माझे वरिष्ठ पुन्हा स्वतः तपासतात, नव्या सुनेची आमटी सासूने चाखून बघावी तसं, आणि मीठ बरोबर असलं तरी नुसतं 'हं' म्हणतात. तेवढा अपमान मी गिळते. चष्म्याच्या दुकानाचा गिळणार नाही.

पण खरा संताप आहे तो एका पेशंटचा. नाव सांगायची सक्त मनाई आहे, म्हणून आपण त्यांना सुभेदार म्हणू. सत्तरीचे, मिशांना पीळ, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. हा आजार दुखत नाही, खुपत नाही. कडेची नजर गुपचूप खातो आणि खाल्लेलं परत देत नाही. त्यावर उपाय काय, तर रोज रात्री डोळ्यांत एक थेंब. काढा नाही, पथ्य नाही, सुई नाही. तर हे सुभेदार तपासणीला येतात तेव्हा डोळ्यांचा दाब कसा अगदी उत्तम, आणि आतली नस मात्र दर खेपेला आणखी वाळलेली. मी पुस्तकं उपसली, कधी कोणाला न झालेल्या रोगांची नावं काढून वरिष्ठांपुढे मांडली. ते म्हणाले, "हिमानी, आस्क द वाइफ." बायकोला विचारलं. तिने सांगितलं की थेंब पडतात ते तपासणीच्या आधीचे चार दिवस. एरवी बाटली फ्रीजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे. (परीक्षेच्या तोंडावर अभ्यास करणारी मुलं मी पाहिली आहेत, पण ती निदान तपासनिसाला फसवतात. हा माणूस स्वतःच्याच डोळ्यांना फसवतो आहे.)

जाब विचारला तर म्हणतात, "मी विमानातून उड्या मारलेला माणूस, मला थेंबाचं काय सांगतेस?" कडेची नजर मोजायचं एक यंत्र असतं. पांढऱ्या घुमटात तोंड घालून मधल्या दिव्याकडे बघायचं आणि कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. सुभेदारांनी दिवा दिसो न दिसो, टकाटक बटण दाबलं. यंत्राने छापून दिलं की उत्तरं भरवशाची नाहीत, तर यांनी यंत्रच बिघडलेलं ठरवलं. घरी जाताना पिकअपने कोणाची तरी टपालपेटी आडवी केली, त्यातही चूक पेटीची. डाव्या हाताशी चहाचा कप होता, तो कोपर लागून फुटला, तर बायकोवर ओरडले, "इथे कोणी ठेवला?" चोर तो चोर, वर शिरजोर.

मला रडू येतं, मामा. अजून बरीच नजर शिल्लक आहे, जपली तर आयुष्यभर पुरेल, आणि हा माणूस नुसत्या हट्टापायी ती घालवतो आहे. अशा माणसाचं काय करावं, तुम्हीच सांगा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार सांगा. तुमच्याहून मोठं आता कोणी उरलेलं नाही, तेव्हा तो तुम्हीच ठेवून घ्या.

तुमची भाची (चष्मेवाली नव्हे),
हिमानी

ता. क. काचबिंदू भावंडांत असू शकतो, त्यामुळे आईचे डोळे तपासायलाच हवेत. एकटी जायला ती घाबरते. शुक्रवारी सकाळची वेळ घेतली आहे, दोघांच्या नावाने. तुम्ही तिला घेऊन जा, रिक्षाने. स्कूटरची किल्ली आजच मामीकडे द्या. थेंब शुक्रवारपर्यंत घालालच, शनिवारीही घाला.

ता. क. २ पेशंटची गोष्ट हॉस्पिटलाबाहेर काढली तर मला घरी बसवतील, म्हणून मी ती काढलेली नाही. असे कोणी सुभेदार आमच्याकडे नाहीत. वरिष्ठ 'बायकोला विचार' म्हणतात ते मात्र खरं आहे, म्हणून मी मामीला विचारलं. पत्र पुन्हा वाचाल तेव्हा विमानाच्या जागी विजेचा खांब वाचावा, पिकअपच्या जागी स्कूटर आणि टपालपेटीच्या जागी शेजारच्या देशकरांचं फाटक. चहाचा कप आहे तसाच राहू द्या. तो मामीने नाही, तुम्हीच तिथे ठेवला होतात. व्हिडिओ कॉलवर मला तो शॉमबर्गहून दिसत होता.