सेहेचाळीस वर्षं उशिरानं

३ मार्च, सोमवार

वेंडेल क्रॉस्बीचं नाक मी आठवीत असताना एकदा फोडलं होतं. आज वाटलं, तेव्हा हात जरा हलकाच पडला!

काउंटीच्या मंडळाची सभा होती. विषय एकच — दक्षिण मोंटानातून प्रवासी रेल्वेगाडी पुन्हा सुरू करायची म्हणून ज्या काउंट्या एकत्र आल्यात, त्यांच्यात आपण सामील व्हायचं की नाही. सदस्य तीन. टॅमी ऑसगार्ड — हो. कर्क बेलामी — नाही. उरला वेंडेल. तो म्हणे, ‘‘विलो बेंडहून त्या गाडीत बसणार कोण? आर्लिस आणि तिची मांजर?’’

सगळा हॉल हसला. मीही हसले, तेच जास्त लागलं. आणि मला मांजर नाही.

मतदान १५ एप्रिलला.

घरी आल्यावर भांडी जोरजोरात घासली. वेंडेलला काय कळतंय? चौतीस वर्षं शाळेची बस चालवली मी. बर्फात, वादळात, एकदा तर हरीण काचेवर घेऊन. कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ आली नाही. पण नाताळापासून रस्त्याच्या मधोमध एक डाग दिसतो. बोट पुसल्यासारखा. मान वळवली की तोही वळतो. डोळ्यांचा डॉक्टर बिलिंग्जला, एकशेसाठ मैल. मी अजून गेलेली नाही. कुणाला बोललेही नाही. ही वही सोडून.

५ मार्च

केलं! सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी — एकोणऐंशी सालापर्यंत पश्चिमेची गाडी याच वेळेला यायची, डेल स्टेनरुडनं सांगितलं, तो रेल्वेतून निवृत्त झालेला — चांगला कोट घातला, तपकिरी बॅग घेतली आणि स्टेशनच्या फलाटावर जाऊन उभी राहिले. स्टेशन कसलं, आता आत पेंडीची पोती असतात. फलाट आणि बाक तेवढे शाबूत.

वीस मिनिटं उभी होते. एक मालगाडी गेली, कोळशाचे शंभरेक डबे. मी हात केला. इंजिनवाल्यानं लांबलचक शिटी दिली. पेंडवाला धावत बाहेर आला. ‘‘काय झालं?’’

‘‘काही नाही. माझी नव्हती.’’

६ मार्च

वारा. बॅग उडाली. रिकामी होती म्हणून! उद्या आत विटा घालायच्या.

१० मार्च

सात जण झालो. बर्नी तिचं कॅफे अर्धा तास बंद करून आली, दालचिनीचे रोल आणि कॉफी घेऊन. डेलनं जुनी टोपी घातली, घड्याळ काढलं आणि घसा खाकरून सगळ्यांना ऐकवलं — ‘‘प्रवाशांनी लक्ष द्यावं. आठ-चाळीसची गाडी सेहेचाळीस वर्षं उशिरानं धावत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत!’’

बर्नीच्या नाकातून कॉफी आली. ऐंशी वर्षांचा माणूस, पण चेहरा ढिम्म. सुरकुतीसुद्धा हलली नाही.

१४ मार्च

बिलिंग्जचे वर्तमानपत्रवाले आले. फोटो काढले. आम्ही बावीस जण, सगळ्यांच्या हातात बॅगा. एकानं कोंबडीचा पिंजरा आणला होता, का ते विचारलं नाही.

कर्क बेलामी गाडी थांबवून काच खाली करून म्हणाला, ‘‘आर्लिसबाई, हे कायद्यात बसतं का?’’

मी म्हटलं, ‘‘कर्क, नीट सरळ बस. आणि खिडकीतून हात आत.’’

त्यानं हात आत घेतला! पन्नाशीचा माणूस, मंडळाचा सदस्य! नंतर लक्षात आलं त्याच्या, कानापर्यंत लाल झाला.

वेंडेलचा पत्ता नाही. गाई विण्याचे दिवस आहेत, रँचवरून हलत नाही म्हणे.

२० मार्च

आज मेव्हिस आली. वेंडेलची बायको!

एकदम कडक इस्त्रीचा राखाडी कोट, हातमोजे, टोपी, छोटी निळी बॅग. आम्हाला वाटलं, वेंडेलनं निरोप पाठवलाय. ती सरळ डेलकडे गेली. ‘‘गाडी उशिरा आहे का?’’

डेलनं त्याचं ते सेहेचाळीस वर्षांचं म्हटलं. सगळे हसले. मेव्हिस हसली नाही. ‘‘मग मी बसते,’’ म्हणाली. बसली.

साडेनऊला सगळे पांगले. ती बसलेलीच. मी म्हटलं, ‘‘मेव्हिस, चल, घरी सोडते.’’ ‘‘आणि तेवढ्यात आली तर?’’ म्हणाली. स्वच्छ आवाजात, माझ्या डोळ्यांत बघून.

अकरापर्यंत तिच्या शेजारी बसून राहिले.

२४ मार्च

पाचवा दिवस. मेव्हिसजवळ दोन सँडविचं असतात, मेणकागदात गुंडाळलेली. ‘‘कुठे निघालीस?’’ मी विचारलं. ‘‘स्पोकेनला. जोॲनकडे.’’ जोॲन तिची मुलगी. ‘‘नातवाला अजून पाहिलंच नाही मी,’’ म्हणाली. तो नातू आता मिसरूड फुटायच्या वयाचा असेल.

दहाला वेंडेल आला. गुडघ्यापर्यंत चिखल, बाहीवर वासराचा चिकटा. बायकोचा हात धरून तिला हळूच गाडीत बसवलं. मग माझ्याकडे आला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

‘‘पाचला उठते ती,’’ म्हणाला. ‘‘कोटाला इस्त्री करते. तुमची गंमत वीस मिनिटांची असते, आर्लिस. पुढचा दिवस माझ्याकडे असतो.’’

मी बॅग उचलली, विटांसकट, आणि घरी आले.

२५ मार्च

सगळ्यांना फोन केले. उद्यापासून कुणी यायचं नाही. डेल म्हणाला, ‘‘बरोबर आहे.’’

गाडी मला हवी होती. माझ्या डोळ्यांसाठी, माझ्या मिजाशीसाठी. आणि त्यापायी एका बाईला फलाटावर बसवलं. लाज वाटते, बस्स.

२७ मार्च

स्टेशनवरून गेले, मुद्दाम, हळू. मेव्हिस बाकावर होतीच. तिच्या शेजारी वेंडेल! टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. समोर रिकामे रूळ. मेव्हिसनं सँडविच उघडून त्याच्या हातात दिलं. तो मुकाट्यानं खात होता.

गाई विण्याच्या दिवसांत! पुतण्याच्या गळ्यात कामं घातली असणार.

मी थांबले नाही.

२ एप्रिल

बिलिंग्ज. डोळ्यात सुई टोचतात! लिहिताना अजून अंगावर काटा येतोय. दर महिन्याला यायचं, नाहीतर डाग वाढत जाणार. डॉक्टर मुलगी आहे, माझ्या बसमधल्या पोरींपेक्षा लहान. ‘‘गाडी चालवू नका,’’ म्हणाली. मी म्हटलं, ‘‘मग पुढच्या महिन्यात येऊ कशी? घोड्यावरून?’’ ती हसली नाही. तिला वाटलं, खरंच घोडा असेल.

बर्नीनं नेलं-आणलं. परतीच्या वाटेवर एकदाचं तिला सगळं सांगितलं, दोन मैल तयारी करून. ती म्हणते कशी, ‘‘मला माहीत होतं. नाताळापासून तू आवाजावर गाडी लावतेस. माझ्या कचऱ्याच्या डब्याला तीनदा उडवलंस, मी काही बोलले का?’’

मेली!

८ एप्रिल

ते दोघं अजून रोज जातात. गावात कुणी त्यावरून बोलत नाही. म्हणजे आमच्यातलं कुणी. रँचवाले बोलतात. काल कॅफेत एकानं वेंडेलला विचारलं, ‘‘काय रे, तिकीट मिळालं का?’’ वेंडेल उठला, कॉफी तशीच ठेवली, गेला. बर्नीनं त्या माणसाला ॲपल पायचा तुकडा द्यायचं नाकारलं. सफरचंदाचा संपला म्हणाली. समोर काचेत अख्खा ठेवलेला!

१५ एप्रिल

नीट लिहिते.

हॉल भरलेला. मागच्या रांगेत रँचवाले हाताची घडी घालून. मेव्हिस पहिल्या रांगेत, कोट-टोपीसकट. टॅमी — हो. कर्क — नाही. (माझ्याकडे न बघता.)

मग वेंडेल उभा राहिला. कागद नव्हता.

‘‘गाडी उद्या येणार नाही,’’ म्हणाला. ‘‘नुसता अभ्यास व्हायला काही वर्षं. मग रूळ, पूल, परवानग्या. दहा वर्षं धरा. इथले कितीतरी जण तेव्हा नसतील. मी नसेन. ज्यांना हे पटत नाही, त्यांचं मला कळतं. महिन्यापूर्वी मलाही पटत नव्हतं. मी विचारलं होतं, बसणार कोण. त्यानंतर मी तीन आठवडे त्या बाकावर बसतोय. बाक फार गार असतो. आणि तिथे बसल्यावर कळतं की माणसाला कुठेतरी जायचं असतं. रोज. मी कधी विचारलंच नव्हतं.’’

मागून कुणीतरी खोकलं.

‘‘माझं मत — हो. आणि त्या बाकावर छप्पर घाला.’’

दोनास एक!

डेल रडला. बर्नी रडली. कोंबडीवालाही रडला. मी नाही. डोळ्यात औषध घातलंय, ते वाहत होतं. वेंडेलनं बायकोला हात दिला, ती उठली, आणि दोघं मधल्या वाटेनं बाहेर गेली. कुणी टाळी वाजवली नाही. वाजवता आली नसती.

१६ एप्रिल

दुपारी दार वाजलं. मेव्हिस! एकटी, स्वतः गाडी चालवत! टोपी नाही, कोट नाही, जीनच्या पँटमध्ये. आत आली, खुर्ची ओढली.

‘‘आर्लिस, तुलासुद्धा खरं वाटलं?’’

‘‘काय?’’

‘‘माझं डोकं फिरलंय ते.’’

मी केटली खाली ठेवली. ती हसायला लागली, टेबलावर डोकं टेकवून, खांदे गदगदा हलवत.

‘‘चौदा वर्षं म्हणतेय त्याला, स्पोकेनला चल. गाई विऊ देत. मग गवत कापू देत. मग गव्हाची कापणी. मग बर्फ. तुम्ही फलाटावर उभे राहिलात तेव्हा वाटलं, आपणही उभं राहावं. मी एक अक्षर खोटं बोललेली नाही हं! गाडी उशिरा आहे का, एवढंच विचारलं. होती की नाही उशिरा?’’

‘‘मेव्हिस! मी तीन आठवडे झोपले नाही!’’

‘‘मला वाटलं बस चालवणारी बाई घट्ट असेल. मऊ निघालीस.’’ मग डोळे पुसत, ‘‘वेंडेलला कळता कामा नये. त्याचा जीव जाईल. आपली बायको हातची गेली म्हणून रात्ररात्र जागलाय बिचारा.’’

शपथ घातली. घेतली. तिनं केकचे दोन तुकडे खाल्ले. जावयाच्या चुगल्या केल्या. अजून मला सुचत नाही, रागवावं की तिच्या पाया पडावं.

१९ एप्रिल, शनिवार

वेंडेल आला. उंबऱ्यातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. सोमवारी दोघं स्पोकेनला निघालेत, गाडी तोच चालवणार. गुरांकडे पुतण्या बघेल.

जाता जाता म्हणाला, ‘‘सत्तेचाळीस वर्षं संसार केलाय तिच्याशी, आर्लिस. मेव्हिस सोंग करते तेव्हा तिचा डावा पाय हलतो. पहिल्याच दिवशी हलत होता.’’ टोपी घातली. ‘‘पण माझ्यासाठी इतका खटाटोप तिनं किती वर्षांत केला नव्हता. तिला सांगू नकोस.’’