हरलेल्या सामन्याचा नवस

बाबा, तुमची नात सामना हरली, आणि आता देवीला कोंबडा द्यायचा की नाही यावरून घरात आठवडाभर वाद चाललाय. तुम्ही असतात तर एका वाक्यात मिटवला असतात. नाही आहात, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागतंय.

नात म्हणजे माझी धाकटी. तुम्ही गेलात तेव्हा ती पोटातही नव्हती. पनवेलला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाकांच्या बुटांवर घसरत मोठी झाली, पुढे लडाखच्या शिबिरात जाऊन बर्फावरची हॉकी शिकली, आणि आता देशाच्या मुलींच्या टीमची गोलकीपर आहे. हो, बर्फावरची. तुम्ही जन्मभर करंजाच्या कारखान्यात बर्फ काढलात, होड्यांच्या पोटात भरलात, पण त्यावर कुणी खेळतं म्हटलं असतं तर वेड्यात काढलं असतंत. अजून डोळ्यांपुढे आहे: मी शाळेतून येताना तुमचा डबा घेऊन येते, कारखान्याच्या ओल्या फरशीवर अनवाणी घसरून बघते, आणि तुम्ही लाद्या ओढायचा आकडा हातातून टाकून ओरडता, "हाड मोरून घेशील गो. बर्फ कुनाचा नाय." मग त्याच हातानं लादीचा एक खडा फोडून माझ्या ओंजळीत घालता. बोटं बधिर होतात तरी मी तो सोडत नाही. हे नातीला सांगितलं तर म्हणाली, "आजोबांनी घसरू दिलं असतं तर तूच असतीस टीममध्ये." कार्टीच्या जिभेला हाड नाही.

तर या खेळात देशांचे गट असतात, एकाखाली एक. गटात पहिला आला तो पुढच्या वर्षी वरच्या गटात चढतो, शेवटचा आला तो खाली उतरतो. आमच्या वेळी नापास झालं की त्याच वर्गात बसवायचे, इथं खालच्या वर्गात पाठवतात. आपल्या मुली गेल्या वर्षी वर चढलेल्या, आणि यंदा टिकतात की नाही याचीच धाकधूक होती. खाली गेल्या तर पुढच्या वर्षी टीम पाठवतील की नाही याची खात्री नव्हती, आणि एक वर्ष गेलं की आपलं खेळणं संपलं, हे पोरीला ठाऊक होतं. नोकरीवाले तरी किती रजा देणार? एरवी बॅग भरताना नुसती बडबडते, या वेळी तेच मोजे पुन्हा पुन्हा दुमडत होती. मला बघवेना, बाबा.

शेवटच्या सामन्याला आत्याला करंजाहून मुद्दाम बोलावून घेतलं. तुमची धाकटी बहीण, अजून तशीच आहे. आल्या आल्या देव्हाऱ्यापुढे बसली आणि एकवीरा आईला बोलली, "पोर जिकू दे आये, तुला कोंबरा दीन." मग आम्ही सगळे टीव्हीसमोर. मुलींच्या अंगावर एवढ्या गाद्या बांधलेल्या की आत्या विचारते, "यांच्यान आपली कंची गो?" म्हटलं, जाळ्यापुढं उभी आहे ती. तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. "जाल्याचं काम हाय ना, मंग जमल तिला."

सामना बरोबरीत, वेळ संपत आलेला, आणि समोरच्या मुली पोरीवर एकामागून एक मारा करतायत. ती कधी गुडघ्यावर, कधी आडवी. कसाबसा वेळ संपला, मग जादा वेळ सुरू झाला आणि त्यात गोल झाला. आपल्यावर. आत्यानं पदर डोळ्यांना लावला. मी स्वयंपाकघरात जाऊन झाकलेल्या भातावरचं झाकण उगाचच काढून पुन्हा ठेवलं. तेवढ्यात यांनी हाक मारली, "अगं, बघ तरी, आपल्या पण नाचतायत." आणि खरंच, आपल्या मुली पोरीच्या अंगावर पडून उड्या मारत होत्या. आत्या म्हणाली, "हरल्या न नाचतान? लाज नाय का यांना?"

पोरीचा फोन आला तो हसू की रडू अशा आवाजात. "आई, जाताना सांगितलं होतं ना? वेळ संपेपर्यंत बरोबरी राहिली की हरणाऱ्यालाही एक गुण मिळतो. आम्हाला एकच हवा होता. आम्ही टिकलो गं." मला भडभडून आलं. ती पुढच्या वर्षी खेळणार.

पण आत्याचं सुरू झालं. नवस जिंकण्याचा होता. जिंकल्या का? नाय. "मंग आई कोंबरा घेल कशी? फुकटचा मान ती घेत नाय." मी म्हटलं, अगं आत्या, टिकल्या ना? तिकडून हे म्हणतात, एकच गुण मिळालाय तर अंडं द्या. त्यावर आत्या यांच्याशी दोन दिवस बोलली नाही, आणि यांना वाटणाची कोलंबी वाढायचीही बंद झाली. शेवटी तिनंच तोडगा काढला: रविवारी पोर आली की कार्ल्याला जायचं, कोंबडा न्यायचा, आईलाच विचारायचं. कोंबडा आणूनही झालाय. खाली वॉचमनच्या खोलीमागे बांधलाय आणि पहाटे अख्खी सोसायटी उठवतो.

आत्या आता वामकुक्षी घेतेय, तेवढ्यात हे लिहून होतंय. हे कुठं पाठवायचं नाही, आणि तिच्या हाती लागलं तर माझी खैर नाही. कारण बाबा, वेळ संपत आला होता तेव्हा मी डोळे मिटून हात जोडले होते. आत्याला वाटतं, मी आईचं नाव घेत होते. मी तुम्हाला हाक मारत होते. आणि जिंकू दे असं म्हटलंच नव्हतं. एवढंच म्हणत होते की बाबा, तिला टिकवा. तेव्हा कोंबडा कुणाचा, ते मला माहीत आहे. आत्याला सांगायची मात्र माझी हिंमत नाही.